बर्स्टचे यंत्र आठवडाभर आणा, महिन्याचे पॅकेज नको

पत्र: ताई, नाशिकला सातपूरमध्ये माझा छोटा कारखाना आहे. शेतीपंपासाठी मोबाईलवरून चालणारा ऑटो स्टार्टर आम्ही बनवतो. कंट्रोल बोर्डाला दोन फेजमधून ४१५ व्होल्ट मिळतात, आतला एसएमपीएस (बोर्डाला लागणारी वीज बनवणारा भाग) ९० ते ४८० व्होल्टवर चालतो. एका मोठ्या पंप कंपनीने माल घेण्याआधी ईएमसीचा, म्हणजे विजेचा गोंगाट सोसण्याचा आणि बाहेर न सोडण्याचा, रिपोर्ट मागितला. मुंबईच्या लॅबमध्ये एक शिफ्ट घेतली. बर्स्ट चाचणीत, म्हणजे वायरवर सोडलेल्या झटपट स्पंदांच्या माऱ्यात, २ किलोव्होल्ट सोसायचे होते, पण १ किलोव्होल्टलाच कंट्रोलर रीसेट झाला. वायरमधून बाहेर पडणारा गोंगाटही ३९० किलोहर्ट्झजवळ मर्यादेच्या ८ डेसिबल वर गेला. आता उपकरणे भाड्याने देणारे एक गृहस्थ म्हणतात, पूर्ण ईएमसी किट महिनाभर घ्या, लॅबला जायची गरजच नाही. नुसत्या बर्स्ट जनरेटरचे आठवड्याचे भाडे लॅबच्या दोन शिफ्टइतके आहे आणि पूर्ण किटचे महिन्याचे भाडे नऊ शिफ्टइतके. आम्ही तिघे आहोत, यातला अनुभव कोणालाच नाही. काय करू? – प्र., सातपूर

प्रिय प्र.,

पूर्ण किट घेऊ नका. बर्स्ट जनरेटर एका आठवड्यासाठी घ्या, पण आज नाही. आधी निदान पंधरा दिवस तयारी करा आणि मग तारीख ठरवा.

‘लॅबला जायची गरजच नाही’ हे त्या गृहस्थांचे वाक्य आधी डोक्यातून काढा. तुमच्या ग्राहकाला आकडे नको आहेत, त्याला रिपोर्ट हवा आहे. आयएसओ/आयईसी १७०२५ या लॅबसाठीच्या मानकाप्रमाणे चालणाऱ्या, एनएबीएल या लॅब तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या लॅबचा रिपोर्टच तो धरणार. तुमच्या शेडमध्ये तेच यंत्र लावून तेच आकडे आले, तरी तो कागद तुमच्या घरचाच राहील. म्हणजे शेवटी कसारा घाट उतरून अंधेरीची ईआरटीएल किंवा खारघरचे समीर या सरकारी लॅब, नाहीतर एखादी खासगी लॅब गाठावीच लागणार. भाड्याचे यंत्र दोष शोधण्यासाठी असते. त्या कामाला लॅब मात्र फार महाग पडते, कारण तिथे तुम्ही सोल्डरिंग करत बसता आणि शिफ्टचे घड्याळ चालूच राहते.

म्हणून किटमधल्या प्रत्येक वस्तूबद्दल एकच विचारायचे: ही माझ्या बोर्डाचा कोणता दोष दाखवणार? तुमचे दोष दोन आहेत, बर्स्ट आणि वायरमधला गोंगाट. अँटेना, आरएफ अॅम्प्लिफायर, सर्ज जनरेटर (एकेक मोठा धक्का देणारे यंत्र) यांचे महिनाभर तुमच्याकडे काहीच काम नाही. हवेतून पसरणारे उत्सर्जन उघड्या शेडमध्ये मोजायला गेलात, तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये एफएम केंद्रे दिसतील, पुढे मोबाईलचे टॉवर दिसतील, आणि त्यातून तुमचा बोर्ड वेगळा ओळखता येणार नाही. ते काम लॅबच्या शील्ड केलेल्या खोलीतच होते. सर्ज जनरेटर तर तुमच्याकडे येऊच नये असे मला वाटते. त्याच्या एका धक्क्यात इतकी ऊर्जा असते की चुकीचा व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) फुटून त्याचे तुकडे डोळ्यात जाऊ शकतात. शिवाय त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘जळला’ किंवा ‘टिकला’ एवढेच असते. ते लॅबच्या अर्ध्या शिफ्टमध्ये कळते.

आता बर्स्ट. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या मालाची खरी परीक्षा हीच आहे. मोटार चालू-बंद करणारा विजेचा स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर. त्याच्या कॉईलचा प्रवाह तोडला की उघडणाऱ्या संपर्कांमध्ये ठिणगी पडते, विझते, पुन्हा पडते. अशा शेकडो ठिणग्यांची माळ काही मिलिसेकंदांत वायरमधून धावते. आयईसी ६१०००-४-४ या मानकातला बर्स्ट ही त्याचीच नक्कल आहे: ५ नॅनोसेकंदांत चढणारे, ५० नॅनोसेकंद रुंदीचे ७५ स्पंद, आणि असा झुबका दर ३०० मिलिसेकंदांनी. म्हणजे लॅबने तुमच्या बोर्डावर सोडले ते तुमच्याच पॅनलमधला कॉन्टॅक्टर रोज सोडतो. त्यामुळे ग्राहकाने रिपोर्ट मागितला नसता, तरी हा दोष शेतात निघालाच असता. रात्रीची लाईट आलेली असते, शेतकरी मोबाईलवरून मोटार चालू करतो, बोर्ड रीसेट होतो आणि पाण्याची पाळी जाते.

यातच एक फुकटची चाचणी आहे, ती भाड्याचा विचार करण्याआधी करा. एका वेगळ्या कॉन्टॅक्टरच्या कॉईलशी त्याचाच एनसी संपर्क (एरवी जोडलेला, ओढल्यावर तुटणारा) सिरीजमध्ये जोडा. पुरवठा दिला की तो ओढतो, स्वतःचाच प्रवाह तोडतो, सुटतो, पुन्हा ओढतो आणि घणघणत राहतो. त्याची वायर तुमच्या बोर्डाच्या पुरवठ्याच्या वायरीला मीटरभर चिकटवून बांधा. मग सेन्सरच्या वायरीला बांधा. एका वेळी चार-पाच सेकंदच चालवा, त्या लाईनवर आरसीसीबी (गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या आणि चालू असताना हात लावू नका. याला मोजमाप नाही, त्यामुळे ‘किती किलोव्होल्ट’ ते कळणार नाही. पण बोर्ड यानेच रीसेट होत असेल, तर निम्मा शोध एक रुपया भाडे न देता संपला.

त्याच पंधरवड्यात सॉफ्टवेअरमध्ये एक बदल करून घ्या. मायक्रोकंट्रोलर जागा झाला की रीसेट कशामुळे झाला ते आधी वाचून साठवायचे: पुरवठा पडला, वॉचडॉगने (अडकलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने) मारले की रीसेटच्या पिनवरच स्पंद आला. तीन कारणांचे उपाय तीन वेगळे आहेत, आणि ही नोंद नसेल तर आठवडाभर तुम्ही अंदाजाने फेराइट (वायरीतला गोंगाट अडवणाऱ्या कड्या) बदलत बसाल. तुमच्या बोर्डावर टू-जीचा मोडेम असेल तर हे जास्तच महत्त्वाचे. तो सिग्नल सोडताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. पुरवठा तिथेच अर्धमेला झालेला असतो, मग बर्स्टला निमित्त पुरते.

यंत्र मागवताना एका ठिकाणी तुम्ही हमखास फसाल, म्हणून हे ठळक सांगते. भाड्याने मिळणाऱ्या छोट्या जनरेटरमध्ये बर्स्ट मेन्सवर चढवणारे जे कपलिंग नेटवर्क असते, ते बहुधा सिंगल फेजसाठी, २३०-२४० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी बनवलेले असते. तुम्ही त्यात ४१५ व्होल्ट घातलेत तर यंत्र जाईल आणि भरपाई तुमच्या माथी येईल. नेटवर्कचे कमाल व्होल्टेज आणि फेजची संख्या दरपत्रकावर लिहून मागा. थ्री-फेजचे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तरी अडत नाही. तुमचा एसएमपीएस ९० व्होल्टपासून चालतो, मग बोर्ड २३० व्होल्टवर चालवून दोष शोधा. ४१५ व्होल्टची अंतिम चाचणी लॅब करेल. कॉन्टॅक्टरची कॉईल ४१५ व्होल्टची असेल तर तेवढ्या कामापुरती २३० ची बसवा.

यंत्राबरोबर कपॅसिटिव्ह क्लॅम्प (वायर न कापता तिच्यावर बर्स्ट चढवणारी पकड) आलाच पाहिजे. बोअरमध्ये उतरणारी पाण्याच्या पातळीची वायर तीन मीटरपेक्षा कितीतरी लांब असते, आणि औद्योगिक मानकात अशा लांब सिग्नल वायरींवरही १ किलोव्होल्टचा बर्स्ट देतात. तो देण्याचे साधन हा क्लॅम्प. मी पाहिलेल्या बऱ्याच बोर्डांमध्ये चोर मेन्समध्ये नव्हताच, सेन्सरच्या वायरीत होता.

जमिनीवर धातूचा पत्रा अंथरायचा आहे, तो यंत्र येण्याआधीच आणून ठेवा. तांबे किंवा अॅल्युमिनियम असेल तर पाव मिलिमीटर जाडी पुरते, जीआय पत्रा ०.६५ मिलिमीटरपेक्षा जाड हवा. निदान एक मीटर बाय ८० सेंटीमीटर, पण दुप्पट घ्या, पत्रा वाया जात नाही. पॅनल त्यावर १० सेंटीमीटर उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. जनरेटर पत्र्याला जोडताना लांब हिरवी वायर वापरू नका, रुंद, आखूड तांब्याची वेणी वापरा. ५ नॅनोसेकंदांत चढणाऱ्या स्पंदात ६० मेगाहर्ट्झपर्यंतचा ऐवज असतो. त्या वेगाला ३० सेंटीमीटर वायरचा अडथळा शंभर ओहमच्या पुढे जातो. मल्टिमीटरला ते अर्थिंग दिसते, बर्स्टला दिसत नाही. तुमच्या पॅनलच्या आतही हेच तपासा. बोर्डापासून दारापर्यंत वळसे घेत गेलेली हिरवी वायर मला न बघताही दिसते आहे.

आठवडा कसा घालवायचा? पहिल्या दिवशी काहीही दुरुस्त करू नका. लॅबमध्ये नापास झालेला तोच बोर्ड लावा आणि तो १ किलोव्होल्टला पुन्हा पडतो का ते बघा. पडला, तर तुमची मांडणी लॅबसारखी आहे. नाही पडला, तर आधी मांडणी सुधारा. कॅलिब्रेशनचा दाखला तर मागाच, पण या कामासाठी ‘तोच बोर्ड, तोच दोष’ यापेक्षा मोठा दाखला नाही. मग एकेका वायरवर वेगळा बर्स्ट द्या, धन आणि ऋण दोन्ही ध्रुवांनी, आणि कोणत्या वाटेने पडतो ते वहीत लिहा. त्यानंतर एका वेळी एकच बदल. पास झाले की थांबू नका. लावलेले उपाय एकेक करून काढा. पाच वस्तू लावल्या असतील तर त्यातल्या दोनच कामाच्या निघतात, आणि उरलेल्या तिघींचा खर्च प्रत्येक स्टार्टरवर बसतो. शेवटच्या दिवशी २ ऐवजी २.४ किलोव्होल्ट देऊन बघा, म्हणजे लॅबमध्ये हात राखून पास व्हाल. यासाठी निदान सहा जादा बोर्ड, फेराइट, कॉमन मोड चोक, तांब्याची टेप, वाय कपॅसिटर हे सगळे आधीच टेबलावर हवे. भाड्याचे यंत्र उभे आणि माणूस फेराइट आणायला मेन रोडला गेला, असे होऊ देऊ नका.

कॉन्टॅक्टरच्या कॉईलवर आरसी स्नबरही (ठिणगी शमवणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा. बाहेरून दिलेल्या लॅबच्या बर्स्टला त्याने फरक पडणार नाही, शेतात पडेल.

गोंगाटासाठी ईएमआय रिसीव्हर (लॅबचे गोंगाट मोजायचे यंत्र) भाड्याने घेऊ नका. लिसन नावाची पेटी (पुरवठ्याच्या वायरीतला गोंगाट मोजायला वेगळा काढून देणारी), ट्रान्झियंट लिमिटर (अचानक धक्क्यापासून यंत्र वाचवणारा) आणि साधा स्पेक्ट्रम अॅनालायझर, एवढे तीन-चार दिवसांसाठी पुरेल. लॅब क्वासी-पीक आणि सरासरी अशा दोन पद्धतींनी मोजते. अॅनालायझर पीक, म्हणजे सर्वात वरचे टोक, मोजतो आणि पीक या दोन्हींपेक्षा कधीच कमी नसतो, त्यामुळे पीक सरासरीच्या मर्यादेखाली आला की तुम्ही सुरक्षित आहात. क्लास बीची क्वासी-पीक मर्यादा १५० किलोहर्ट्झला ६६ आणि ५०० ला ५६ डेसिबल-मायक्रोव्होल्ट असते, सरासरीची त्याखाली आणखी १०. लिमिटर १० डेसिबल खातो, ते आकड्यात परत मिळवायला विसरू नका. बोर्ड बंद ठेवून एकदा मोजून घ्या, म्हणजे शेडमधल्या ड्राईव्हचा गोंगाट तुमच्या नावावर पडणार नाही. इथेही लिसनचे व्होल्टेज बघा आणि बोर्ड २३० वरच चालवा.

३९० किलोहर्ट्झ म्हणजे ६५ चा सहापट. तुमचा एसएमपीएस ६५ किलोहर्ट्झवर चालत असेल तर चोर तोच. इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीला गोंगाट बहुधा दोन वायरींच्या मधला असतो, म्हणून आधी त्या दोन वायरींच्या मध्ये बसणारा एक्स कपॅसिटर वाढवून बघा. पण बाजारात सहज मिळणारा २७५ व्होल्टचा एक्स-टू कपॅसिटर दोन फेजच्या मध्ये लावू नका. तिथे ४१५ व्होल्ट असतात, शेताच्या लाईनवर त्याहून जास्तही येतात. ४४० किंवा त्यावरचे रेटिंग घ्या. व्हॅरिस्टरलाही हेच लागू. चाचणीत पास आणि शेतात आग, असा बोर्ड मी हातात घेतलेला आहे.

लिसनबद्दल हे तिघांनीही वाचा. त्याच्या आत फेज आणि अर्थच्या मध्ये मोठे कपॅसिटर असतात, त्यातून अर्थिंगमध्ये शेकडो मिलिअँपिअर वाहतात. तुमचा आरसीसीबी लगेच पडेल. तेव्हा कोणीतरी म्हणेल, आरसीसीबी बायपास करू, नाहीतर अर्थ काढून टाकू. दोन्ही करायचे नाही. अर्थ काढलेल्या लिसनच्या पेटीला हात लागला तर माणूस जाऊ शकतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, तो भाड्याने देणाऱ्याकडे नसेल तर वेगळा आणा. अर्थचा बोल्ट सर्वात आधी जोडायचा, सर्वात शेवटी काढायचा. लिसनला जोडलेला अॅनालायझर बोर्डाचा पुरवठा चालू-बंद करताना तोडून ठेवा. मी नोकरीत नवी असताना लिमिटर नाही म्हणून तसेच जोडले, मोटार बंद केली आणि भाड्याच्या रिसीव्हरची इनपुट गेली. ती दुरुस्ती कंपनीने भरली. माझ्या वरिष्ठांना त्यासाठी कोणापुढे उभे राहावे लागले ते मी विसरलेले नाही.

त्यावरूनच कराराकडे येते. भाडे माल निघाला त्या दिवसापासून लागते की तुमच्या दारात आला त्या दिवसापासून? परतीचे दिवस कोणाचे? इनपुट किंवा कपलिंग नेटवर्क जळाले तर किती भरायचे, आणि वाहतुकीचा विमा कोणाचा? ही उत्तरे फोनवर नको, लेखी हवीत. यंत्र बंगळुरू किंवा चेन्नईहून येणार असेल तर डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल त्यांनी काढायचे, परतीचे कोण काढणार ते आधीच ठरवा. भाड्यावरच्या जीएसटीचे क्रेडिट मिळते, बिलावर तुमचा नंबर बरोबर आहे ना बघा. पेटी उघडताना व्हिडिओ काढा, दाखल्यावरचा आणि यंत्रावरचा सीरियल नंबर जुळवा, कॅलिब्रेशनची मुदत तुमच्या आठवड्यात संपत नाही ना तेही बघा. पहिल्या दिवशी त्यांचा इंजिनिअर येणार असेल तर त्यासाठी जादा पैसे द्या, तुम्हा तिघांना ते परवडेल. आणि निमा या नाशिकच्या उद्योजकांच्या संघटनेच्या ऑफिसात एकदा विचारून बघा. सातपूर-अंबडमध्ये पॅनल आणि ड्राईव्ह बनवणारे कितीतरी आहेत, त्यातल्या एकालाही तोच आठवडा चालला तर भाडे निम्मे होईल.

लॅबची तारीख मात्र आत्ताच मागून ठेवा, रांग असते. आणि चाचणीच्या आराखड्यात दोन अवस्था लिहून द्या: मोटार चालू आणि मोटार बंद. बर्स्टसाठी निकष बी असतो, म्हणजे चाचणी चालू असताना काम थोडे बिघडलेले चालते, पण चालू असलेले बंद किंवा बंद असलेले चालू झालेले चालत नाही. बहुतेक जण मोटार चालू ठेवूनच चाचणी घेतात. माझी विनंती आहे की बंद अवस्थेचीही घ्या, आणि तुमच्या शेडमध्येच आधी घ्या. मोटारीच्या जागी तीन दिवे लावा, बर्स्ट चालू असताना सबंध वेळ त्यांच्यावर मोबाईलचा कॅमेरा रोखून ठेवा. बंद अवस्थेत एक दिवा एकदा जरी लुकलुकला, तरी तो बोर्ड बाहेर पाठवू नका. त्या वेळी शेतकरी विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह साफ करत असू शकतो.